मदत हवी आहे : साखर पेठेतील सुताच्या जुन्या वखारीचा पुनर्वापर

1877 साली सुरू झालेल्या जुन्या गिरणीने सोलापूरला कापडाचे शहर केले. त्याच भरभराटीच्या काळात बांधलेली आमची वडिलोपार्जित वखार गेली बारा वर्षे रिकामी आहे. दगडी भिंती भक्कम आहेत, सागवानी तुळया मात्र दोन ठिकाणी वाळवीने पोखरल्या आहेत. दाराशेजारी गाठींचे आकडे खडूने मांडलेले अजून वाचता येतात. चुना काढताना ते पुसू नयेत, एवढा माझा हट्ट आहे.

पाडून गाळे काढावेत, असा भावांचा आग्रह आहे. मला मात्र वास्तू राखून, पेठेतील पद्मशाली विणकर, विडी कामगार भगिनी आणि शेजारी यांना विचारूनच तिचा उपयोग ठरवायचा आहे. पहिल्या बैठकीस चौघेच आले, तेही पार्किंगची मागणी घेऊन!

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 नुसार विकास योजनेत बदल करताना हरकती व सूचना मागवाव्या लागतात; परंतु खासगी मालकाने लोकांचे म्हणणे आराखड्यापूर्वीच कसे नोंदवावे? तसेच चुन्याच्या बांधकामाचा अनुभव असलेले वास्तुविशारद सोलापुरात किंवा पुण्यात कोणास माहीत असल्यास कृपया कळवावे.