पहिली क्लिनिकल पोस्टिंग: बीपीचा सराव आधी करा

पहिल्या क्लिनिकल पोस्टिंगला, म्हणजे हॉस्पिटलमधल्या शिकाऊ ड्युटीला, जाणाऱ्या कुणीतरी इथे विचारलंय की बॅगेत काय भरू आणि बीपी मोजताना आवाज ऐकू येत नाही, तर काय करू. बॅगेचं बऱ्याच जणांनी सांगितलंय, पण प्रश्नातला "बीपीचा आवाजच ऐकू येत नाही" हा भाग तसाच राहिला, म्हणून लिहिते.

बहुतेकदा चूक कानापासूनच होते. स्टेथोस्कोपची कानातली टोकं नाकाच्या दिशेने वळलेली हवीत. कफची (दंडाला गुंडाळायच्या पट्ट्याची) खालची कड कोपराच्या घडीच्या दोन बोटं वर, हात हृदयाच्या पातळीला टेकवलेला. आधी मनगटाची नाडी धरून हवा भरा. नाडी लागेनाशी होते तो आकडा लक्षात ठेवा, हवा पूर्ण सोडा, मिनिटभर थांबा. मग त्या आकड्यापेक्षा ३० अंक वर भरून, स्टेथोस्कोपने ऐकत, सेकंदाला २ ते ३ अंक या गतीने हवा सोडा. घाईत सोडली की वरचा आकडा कमी आणि खालचा जास्त येतो. नवशिक्यांचं इथेच बिघडतं.

श्वास मोजताना पेशंटला सांगू नका, सांगितलं की तो श्वास बदलतो. नाडीवरची बोटं तशीच ठेवून पूर्ण मिनिट छाती बघा. त्यासाठी सेकंदकाटा असलेलं, युनिफॉर्मला अडकवायचं घड्याळ घ्या.

वापरलेल्या सुईला टोपण परत लावायचं नाही, अगदी कुणी घाई केली तरी. सुई पांढऱ्या डब्यात, रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत.

आणि तुम्हाला लोकलने घणसोलीहून कळव्याला जायचंय, तर ठाण्याला गाडी बदलण्याचा वेळ धरूनच निघा. नाश्ता करून जा, उपाशीपोटी जखमेचं ड्रेसिंग बघताना चक्कर येते.