मदत हवी आहे: टी-टेस्ट का काय-स्क्वेअर? सोमवारी प्रकरण द्यायचंय

पाटोद्याची_पोर: एमएसडब्ल्यूचं शेवटचं वर्ष. ऊसतोडीवर प्रबंध. ६४ कोयत्यांचा सर्व्हे झालाय. १२ विधानं (अगदी सहमत ते अजिबात नाही, ५ पर्याय) अन थोडे हो-नाही प्रश्न. पुरुष ६८, बायका ६०. दोघांच्या उत्तरांत फरक आहे का बघायचंय. गाईड म्हणायलेत टी-टेस्ट (सरासरींची तुलना) लाव, दुसरे सर म्हणायलेत काय-स्क्वेअर (कुठलं उत्तर किती जणांनी दिलं त्याची). फक्त नाव सांगा, थिअरी नको.

कोथरूडकाका: ६४ कोयते? अवजारं सहमत कशी होतात?

पाटोद्याची_पोर: काका, कोयता म्हणजे जोडी. नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल (आगाऊ पैसे) पण कोयत्यावरच मिळते. टेस्ट सांगा ना कुणीतरी.

निवृत्त_गुणक: आधी नमुना कसा ठरवला? यामाने यांच्या सूत्रात ५ टक्के चूक धरली तर एकूण १००० जणांतून २८६ लागतात.

पाटोद्याची_पोर: सर, माणसं कारखान्यावर गेलीत. आता काय फडात जाऊ का परत?

फुकटचंबू: एसपीएसएस (आकडेमोडीचं सॉफ्टवेअर) विकत घेऊ नका. जामोवी फुकट आहे, आर पण.

लातूरपॅटर्न: टी-टेस्ट अजिबात नको. 'सहमत' आणि 'अगदी सहमत' यांच्यात अंतर किती, कुणी मोजलंय? ते फक्त क्रम आहेत. मान-व्हिटनी लाव, ती फक्त क्रम बघते, विषय संपला.

निवृत्त_गुणक: एकेका विधानाला ठीक. १२ विधानांची बेरीज केली की टी-टेस्ट चालते. त्याआधी उलट्या विधानांचे गुण फिरवा, क्रॉनबाख अल्फा (विधानं एकमेकांशी किती जुळतात ते) काढा. सगळी दुनिया असंच करते.

लातूरपॅटर्न: दुनिया गुटखा पण खाते सर.

मुकादमाचा_भाचा: यंदा उचल किती चालूये तुमच्याकडं?

बालाघाटचा_वारा: अहो, ती वर 'जोडी' म्हणाली ते कुणी वाचलं का? मान-व्हिटनी काय, साधी टी-टेस्ट काय, दोन्ही गटांतली माणसं एकमेकांशी संबंध नसलेली धरतात. काय-स्क्वेअरचंही तेच. एका खोपीत राहणारे, एकच उचल फेडणारे नवरा-बायको बिनसंबंधाचे कसे? कोयत्यागणिक दोघांच्या उत्तरातला फरक काढायचा. एकेका विधानाला विल्कॉक्सन साइन्ड-रँक, बेरजेला पेअर्ड (जोडीची) टी-टेस्ट, हो-नाहीला मॅकनेमार. मॅकनेमार फक्त ज्या जोड्यांत एक हो अन दुसरा नाही म्हणाला त्याच मोजतो, तुला हवंय ते तेच. आणि ६४ कोयत्यांत ६८ पुरुष कुठून आले?

पाटोद्याची_पोर: ४ कोयते बाप-लेकाचे आहेत. त्यात काय?

बालाघाटचा_वारा: मग या तुलनेतून ते ४ बाहेर. ६० जोड्या उरल्या. का काढले ते एका ओळीत लिही.

मास्तरीण_केज: बायकांना एकटीला गाठून विचारलं की नवऱ्यासमोर? 'उचल किती घ्यायची ते दोघं मिळून ठरवतो' असलं काही विचारलं असशील तर समोर बसलेल्या नवऱ्याचंच उत्तर आलंय.

पाटोद्याची_पोर: अर्ध्याअधिक जणींना समोरच. गावी घरात जागा कुठंय मॅडम? काहींच्या सासूबाईपण होत्या. यावर कुठली टेस्ट असते?

मास्तरीण_केज: कुठलीच नाही. मर्यादांमध्ये खरं खरं लिही.

फुकटचंबू: जामोवीत विल्कॉक्सन पेअर्ड टी-टेस्टच्याच खिडकीत टिक करायचा, वेगळा शोधू नका.

पाटोद्याची_पोर: मोठा घोळ झाला. एक्सेलमध्ये पुरुषांची शीट वेगळी, बायकांची वेगळी, अन दोन्ही वयानुसार लावून ठेवल्यात. कोयता नंबरचा कॉलमच टाकला नाही. फॉर्मवर ७-अ, ७-ब असं आहे. आता १२८ फॉर्म काढून बसले.

गाईडना फोन केला. म्हणाले, "पेअर्ड काय, टी-टेस्टच ना ती? मी तेच सांगितलं होतं."

लातूरपॅटर्न: ज्या जोड्यांचं उत्तर सारखंच आलं त्या विल्कॉक्सनमध्ये गळतात. प्रत्येक विधानाला किती गळल्या ते तक्त्यात दे, नाहीतर व्हायव्हात धरतील.