मदत हवी आहे: आईला घेऊन पहिल्यांदाच हंपी, विठ्ठल मंदिर आणि तिचे गुडघे

नमस्कार मंडळी,

डिसेंबरात आईला घेऊन हंपीला जायचं ठरवतोय. आम्ही दोघंही कधी गेलेलो नाही. सोलापूरहून स्वतःची गाडी घेऊन विजापूर, इलकल, कुष्टगी करत होसपेटला पोचायचं, साधारण ३०० किमी पडतं, तेवढं ड्रायव्हिंग मला जमतं. दोन मुक्काम हातात आहेत.

आधी कारण सांगतो म्हणजे सल्ला देणं सोपं जाईल. आई वारकरी आहे, ६८ वर्षांची, गळ्यात माळ, आता गुडघ्यांमुळे पायी वारी बंद झाली. लहानपणापासून कीर्तनात तिनं भानुदास महाराजांची गोष्ट ऐकलीय, म्हणजे कृष्णदेवरायानं पंढरपूरचा विठोबा त्याच्या राजधानीत, विजयनगरला (म्हणजे आजच्या हंपीला) नेला आणि एकनाथ महाराजांच्या पणजोबांनी, भानुदासांनी, तो परत आणला, चोरीचा आळ आला, सुळावर द्यायला काढलं आणि सुळालाच पालवी फुटली, ती सगळी गोष्ट. तिचं म्हणणं एकच आहे, देव जिथं जाऊन राहिला ती जागा मला बघायचीय. मी इतके दिवस पुढं ढकलत होतो, यंदा मात्र नेणारच.

आता अडचणी. मी जे वाचलंय त्यावरून विठ्ठल मंदिराचा गाभारा रिकामा आहे, तिथं मूर्ती नाही, पूजा होत नाही. हे आईला आधी सांगावं का तिथं गेल्यावर कळू द्यावं? मला खरंच कळत नाहीये, कारण ती हात जोडून उभी राहील आणि समोर नुसता अंधार असेल, हे डोळ्यांसमोर आलं की मन घाबरतं. दुसरं म्हणजे चालणं किती आहे? सपाटीवर अर्धा तास ती चालते, पायऱ्या मात्र दहा-पंधराच्या वर नको. तिसरं, राहायचं होसपेटला की हंपीतच? आणि दोन दिवसांत काय सोडून दिलं तरी चालेल ते नक्की सांगा, सगळं बघायचा अट्टहास अजिबात नाही.

---

प्रतिसाद १

आईंना अवश्य न्या आणि गाभाऱ्याचं आधीच सांगा. मी सासूबाईंना नेलं होतं, त्याही माळकरी. आम्ही घरूनच सांगून ठेवलं होतं की १५६५ ला तालिकोटच्या लढाईत विजयनगर हरलं, राजधानी लुटली, जाळली, त्यानंतर शहर पुन्हा उभं राहिलं नाही, त्यामुळे तिथं आता देव नाही. त्या आत गेल्या, उंबऱ्याशी बराच वेळ उभ्या राहिल्या, तोंडानं नामस्मरण चालू. बाहेर आल्यावर म्हणाल्या, घर तर मोठं बांधलं होतं राजानं. नाराज अजिबात नव्हत्या. न सांगता नेलं असतं तर मात्र त्यांना धक्का बसला असता असं मला वाटतं.

एक लक्षात ठेवा, मूर्ती खरंच नेली होती का याबद्दल अभ्यासकांचं एकमत नाही, तिथला एखादा गाईड हे बोलेल. आईंच्या समोर त्याच्याशी वाद घालू नका, ही आख्यायिका आहे आणि त्यांच्यासाठी ती खरी आहे, एवढं पुरे.

चालण्याचं: विठ्ठल मंदिरापर्यंत गाडी जात नाही. अलीकडे पार्किंग आहे, तिथून साधारण एक किमी बॅटरीची गाडी असते, रांग लावावी लागते म्हणून सकाळी उघडल्या उघडल्या जा. पाण्याची बाटली आणि टोपी हवीच, डिसेंबरातही दुपारी दगड तापतो. आत पटांगण सपाट आहे, मंडपाला मात्र उंच जोती आहेत, तिथं हात धरा. दगडी रथ बघताना आईंना सांगा की तो गरुडाचं मंदिर आहे, म्हणजे देवाच्या दारात देवाचं वाहन. पन्नासच्या नोटेवर मागच्या बाजूला आहे तो हाच. पुढचे हत्ती नंतर आणून ठेवलेत, त्यांच्या मागं नीट बघितलं तर मूळ घोड्यांचे मागचे पाय दिसतात. मला ते शोधून काढायला फार मजा आली होती.

आणि जवळच नदीकाठी कन्नड संतकवी पुरंदरदासांचा मंडप आहे, तो चुकवू नका. ज्यांच्या पदांत शेवटी 'पुरंदर विठ्ठल' येतं ते हेच. सासूबाईंना मंदिरापेक्षा तिथंच जास्त बरं वाटलं, तुंगभद्रेकडे बघत बसल्या होत्या.

---

प्रतिसाद २

राहायचं कमलापूरला बघा. कर्नाटक टूरिझमचं मयूर भुवनेश्वरी तिथंच आहे, अवशेष जवळ पडतात आणि होसपेटहून रोजचे १३ किमी वाचतात. स्वतःची गाडी आहे पण एक दिवस रिक्षा करा असं मी सांगेन, रिक्षावाल्याला कुठं सावली आहे, कुठं कमी चालावं लागतं हे बरोबर माहीत असतं. पैसे आधी ठरवून घ्या.

काय सोडायचं तर अंजनाद्री टेकडी, पाचशेच्या वर पायऱ्या आहेत, गुडघ्यांना अजिबात नको. मातंग टेकडीही आईंसाठी नाही, तुम्ही पहाटे एकटे जाऊन या. संध्याकाळी हेमकूट टेकडीवर मात्र न्या, उतार सौम्य आहे, हळूहळू चढता येतं आणि वरून विरूपाक्षाच्या, म्हणजे शंकराच्या मंदिराचं गोपूर दिसतं. विरूपाक्ष मंदिरात अजूनही रोज पूजा होते, आईंना दर्शनाचं समाधान तिथं मिळेल, म्हणून मी तर पहिला दिवस तिथूनच सुरू करेन. मागच्या बाजूच्या एका खोलीत भोकातून उजेड येऊन गोपुराची उलटी सावली भिंतीवर पडते, कुणालाही विचारा, दाखवतात.

कमळ महाल, हत्तीशाळा, हजारराम हे एकमेकांच्या जवळ आहेत. हजारराम मंदिराच्या भिंतींवर रामायण कोरलंय, तिथं आईंना घाई करू नका, त्या प्रसंग ओळखत ओळखत फिरतील. विठ्ठल मंदिर आणि कमळ महाल एकाच दिवशी केलंत तर एका तिकिटात होतं, ते जपून ठेवा.

---

मूळ लेखक

दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री जेवताना आईला सांगून टाकलं की गाभारा रिकामा आहे. ती थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, रिकामा असणारच की, भानुदासांनी आणला ना परत. मी इतके दिवस उगाच काळजी करत होतो.

आता पहिला दिवस विरूपाक्ष आणि संध्याकाळी हेमकूट, दुसऱ्या दिवशी सकाळी विठ्ठल मंदिर, नदीकाठचा मंडप आणि उन्हं उतरल्यावर कमळ महाल, हजारराम. अंजनाद्री रद्द. एकच राहिलं, पुरंदरदासांच्या मंडपापर्यंत मंदिरापासून वाट कशी आहे, खडकाळ आहे का? काठी घेऊन जमेल का? कुणी नुकतंच जाऊन आलं असेल तर सांगा.