अनुभव धागा : प्रणाली नवी, फोल्डरचे पत्ते जुने

आठ दिवसांपूर्वी मी संगणकावर विंडोजची नवी आवृत्ती चढवली आणि ‘डॉक्युमेंट्स’ उघडताच तो रिकामा दिसला. क्षणभर धस्स झाले. फायली प्रत्यक्षात जागेवरच होत्या, परंतु प्रणाली त्या भलत्याच ठिकाणी शोधत होती. डेस्कटॉप, डाउनलोड्स, पिक्चर्स या प्रत्येक नावापुढे प्रणालीने एक मार्ग नोंदवून ठेवलेला असतो आणि तो चुकला की भरलेले कपाटही रिकामे भासते. डॉक्युमेंट्स सापडले असले तरी पिक्चर्सचा पत्ता अजून लागलेला नाही. ज्यांनी असे मार्ग दुरुस्त केले आहेत, त्यांनी काय दिसले, काय केले आणि कोठे फसगत झाली, हे कृपया सविस्तर लिहावे.

⁂

माझे डॉक्युमेंट्स दुसऱ्या डिस्कवर, म्हणजे डी ड्राइव्हवर होते. अपग्रेडच्या वेळी सावधगिरी म्हणून मी ती डिस्क काढून ठेवली आणि तेथेच घोळ झाला, कारण इन्स्टॉलेशनच्या पेनड्राइव्हने मोकळे झालेले डी हे अक्षर पटकावले आणि डिस्क पुन्हा जोडल्यावर तिला ई मिळाले. डॉक्युमेंट्सवर क्लिक केले की ‘लोकेशन इज नॉट अव्हेलेबल’ एवढेच उत्तर येई. मी रजिस्ट्री, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत नोंदींचा साठा, उघडण्याच्या बेतात होतो, पण त्याची गरजच नव्हती. पेनड्राइव्ह काढली, डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन ई चे डी केले, पुन्हा लॉगिन केले आणि सर्व फोल्डर जागच्या जागी आले.

⁂

माझी चूक अधिक ठळक होती. स्वतंत्र फोल्डर न करता मी डॉक्युमेंट्सचे लोकेशन थेट डी ड्राइव्ह असे देऊन टाकले होते, त्यामुळे अख्खा ड्राइव्हच डॉक्युमेंट्स बनला. अपग्रेडनंतर हे निस्तरायचे ठरवून प्रॉपर्टीजमधील लोकेशन टॅबवर ‘रिस्टोअर डिफॉल्ट’ दाबले, तेव्हा जुन्या जागेवरील सर्व फायली नव्या जागी हलवायच्या का, असा प्रश्न आला. येथे ‘यस’ दाबले असते तर संपूर्ण ड्राइव्ह सी वर ओतला गेला असता. ‘नो’ दाबले, तर फोल्डरचे स्थान बदलता येत नाही असा संदेश आला.

अखेर रजिस्ट्री एडिटर उघडावा लागला. करंट यूजरच्या शाखेत सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, करंटव्हर्जन, एक्सप्लोरर असे उतरत गेले की ‘यूजर शेल फोल्डर्स’ ही नोंद लागते. तिच्या शेजारीच ‘शेल फोल्डर्स’ नावाची जुळी बहीण आहे आणि तिच्यात ‘ही नोंद वापरू नका’ अशी पाटीच लावलेली आहे, ती मानावी. डॉक्युमेंट्स तेथे ‘पर्सनल’ या जुन्या नावाने नांदते, तर डाउनलोड्सला नावच नाही, महिरपी कंसातील अक्षरे व आकडे यांची लांबलचक माळ आहे. मी आधी ती नोंद एक्स्पोर्ट करून, म्हणजे तिची प्रत काढून, ठेवली आणि मग ‘पर्सनल’समोर दोन टक्केचिन्हांमध्ये यूजरप्रोफाइल, त्यापुढे उलटी तिरकी रेघ आणि डॉक्युमेंट्स असे लिहून संगणक पुन्हा सुरू केला. त्यानंतर फायली मी स्वतः हलवल्या, प्रणालीवर सोडल्या नाहीत.

⁂

थोडक्यात एक मूर्खपणा नोंदवतो. विंडोजच्या एक्सपी या जुन्या आवृत्तीतील ‘डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज’ची जागा पुढच्या व्हिस्टा आवृत्तीपासून ‘यूजर्स’ने घेतली, तरी सी ड्राइव्हवर जुने नाव लपलेल्या स्वरूपात दिसते आणि उघडू पाहिले की परवानगी नाकारली जाते. तो मार्ग बिघडला आहे असे समजून मी त्याची मालकी घेण्यात एक संध्याकाळ घालवली. तो जुन्या प्रोग्रॅमांसाठी ठेवलेला केवळ दिशादर्शक आहे आणि त्याचे बंद असणे हेच योग्य आहे.

⁂

हा प्रकार लिनक्सवरही घडतो. माझे चारही फोल्डर वेगळ्या पार्टिशनवर, म्हणजे डिस्कच्या स्वतंत्र भागावर, आहेत. अपग्रेडनंतर ते पार्टिशन लॉगिनपूर्वी जोडले गेले नाही, तेव्हा प्रणालीला ते फोल्डर अस्तित्वातच नाहीत असे वाटले आणि तिने सर्वांचे मार्ग होम फोल्डरवर आणून ठेवले. होममधील लपलेल्या कॉन्फिग फोल्डरमध्ये यूजर-डर्स.डर्स नावाची साधी मजकूर फाइल असते, तिच्यातील ओळी मी दुरुस्त केल्या, पण पुढच्या लॉगिनला त्या पुन्हा पुसल्या गेल्या. आधी एफएसटॅबमध्ये, म्हणजे सुरू होताना कोणते पार्टिशन जोडायचे हे सांगणाऱ्या फाइलमध्ये, पार्टिशनची नोंद ठीक केली आणि मगच मार्ग बदलले, तेव्हा ते टिकले.

⁂

सर्वांचे आभार. पहिल्या अनुभवाप्रमाणे ड्राइव्हची अक्षरे तपासली, ती बरोबर आहेत. मात्र हरवलेले पिक्चर्स ‘विंडोज.ओल्ड’ या, अपग्रेडच्या वेळी जुनी प्रणाली बाजूला ठेवणाऱ्या फोल्डरमधील यूजर्स फोल्डरमध्ये सापडले. ‘विंडोज.ओल्ड’ साधारण 10 दिवसांनी आपोआप पुसला जातो आणि आज नववा दिवस आहे, तेव्हा आधी तो सगळा बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेत आहे. लोकेशन टॅबला हात उद्या लावीन.