मदत हवी आहे – भाचीला कॉम्प्युटर सायन्स करायचंय, स्कॉलरशिपचं कसं जमवायचं?

नमस्कार मंडळी, आम्ही बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातले, भाची पीयूसी (म्हणजे बारावी) सायन्स झाली, कर्नाटकच्या सीईटीतून (प्रवेश परीक्षेतून) बेळगावातच व्हीटीयूच्या (विश्वेश्वरय्या तंत्र विद्यापीठाच्या) एका कॉलेजला कॉम्प्युटर सायन्स मिळेलसं दिसतंय. घरी शेती बेताची, तिचे बाबा गवंडीकाम करतात, आणि आमच्याकडं इंजिनिअरिंगला जाणारी पहिलीच पोर, त्यामुळं विचारायचं तरी कुणाला.

एआयसीटीईची (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेची) प्रगती स्कॉलरशिप माहीत आहे, मुलींना वर्षाला ५०,००० मिळतात, घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत पाहिजे, एका घरातल्या दोघींनाच. फॉर्म नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर. पण ती घेतली तर कर्नाटकच्या एसएसपीवरची (राज्याच्या स्कॉलरशिप पोर्टलवरची) फी सवलत सोडावी लागते काय? कॉलेजमध्ये विचारलं तर एक क्लार्क हो म्हणतो, दुसरा नाही. दोन्हीतलं जास्त फायद्याचं कुठलं ते कुणी हिशोब करून बघितलंय का?

दुसरं म्हणजे आमचं गाव महाराष्ट्र ज्यांच्यावर हक्क सांगतो त्या सीमाभागातल्या ८६५ गावांत येतं, म्हणून महाराष्ट्राच्या सीईटीत सीमाभागाच्या कोट्यातून कोल्हापूरकडं फॉर्म भरावा असं शेजारचे दादा सांगतात. तसं कुणी गेलंय का, आणि तिकडची फी सवलत आपल्याला लागू होते की नुसतं अ‍ॅडमिशनच?

अजून एक कटकट, मार्क्स कार्डवर बाबांचं नाव पूर्ण आहे, आधारवर नुसतं इनिशियल, उत्पन्नाच्या दाखल्यावर तर कन्नडमध्ये भलतंच. आधी काय दुरुस्त करून घ्यायचं? अनुभव असलेल्या ताई-दादांनी प्लीज सांगा, लॅपटॉपचं नंतर बघू.