तानपुरा देण्याआधी

ताई, मुलं शिकायला बाहेर पडली, मिरजेचा तानपुरा नुसता कोपऱ्यात उभा आहे, म्हणून द्यायचा म्हणताय. आधी भोपळा बघा. बोटाने सगळीकडे हलकं वाजवा; एका जागी फुटका आवाज आला की तिथे तडा. बारीक भोकं आणि पिठासारखी भुकटी म्हणजे कीड. वर्षानुवर्षं तारा ताणलेल्या राहिल्या असतील तर दांडीचा सांधाही तपासा, तिथे फट पडते. खुंटी घसरत असेल तर खडूची पूड पुरते.

जवारी, म्हणजे आवाज गुंजावा म्हणून घोडीचा (तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीचा) माथा घासून देणं, मिरजेच्या कारागिराकडूनच करून घ्या. घरी घोडीला कानस लावू नका, घासलेलं परत येत नाही.

घेणाऱ्याचा स्वर विचारा. काळी एकचा (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या स्वराचा) मर्दानी तानपुरा काळी पाचला, म्हणजे बऱ्याच वरच्या स्वरात, गाणाऱ्या मुलीच्या कामाचा नाही. तारा चढवून बघितल्या तर तुटतात.

नेताना तारा थोड्या सैल करा, पूर्ण नको. घोडी तारांच्या दाबावरच उभी असते. तिच्याभोवती पेन्सिलीने खूण करा, स्वर बारीक जुळवायचे तारांमधले मणी काढून पुडीत बांधा, भोपळ्याखाली गोधडीची चुंबळ द्या.