प्रतिसाद: क्रिस्पर म्हणजे सगळं नव्हे
जिवाणू विषाणूंपासून वाचतात ते क्रिस्परमुळेच (आधी आलेल्या विषाणूंच्या डीएनएचे तुकडे जपून, ते पुन्हा आले की ओळखून कापणारी यंत्रणा), असं मूळ लिखाणात म्हटलंय. हे अर्धंच पटलं. आजवर वाचलेल्या जिवाणूंच्या जनुकसंचांपैकी निम्म्याहून अधिकांत क्रिस्पर नाहीच.

मला थक्क करतो तो आत्मनाशाचा बचाव. फाज, म्हणजे जिवाणूंना ग्रासणारा विषाणू, आत शिरल्याचं कळलं की नवे फाज तयार व्हायच्या आत पेशी स्वतःचंच पटल फोडते किंवा स्वतःचा डीएनए तोडते. ती मरते, पण शेजारच्या पेशी वाचतात. त्या बहुधा तिच्याच प्रती असतात, म्हणून तर या बचावाची जनुकं उत्क्रांतीत टिकली! २०१९ मध्ये यातल्याच ‘सीबास’ यंत्रणेचं काम उलगडलं. तिच्यात धोक्याचा संदेशरेणू बनवणारं विकर (एन्झाइम) असतं. त्याचाच नातलग ‘सीगॅस’ आपल्या पेशींत विषाणूंचा डीएनए हुडकतो.